देल्फिनाचं शेवटचं धुणं

मेलेल्या माणसाचे कपडे रक्ताच्या माणसाने धुवायचे नाहीत, हा आमच्या खोऱ्यातला नियम. आईबाप, भाऊबहिणी यांनी काठावर बसायचं, कोकाची पानं चघळायची आणि रडू आलंच तर नदीकडे पाठ करून रडायचं. पाण्यात उतरायचं ते जावयांनी आणि सुनांनी. बाहेरून घरात आलेल्याला मेलेल्याचा लळा कमी, त्यामुळे कपडे घासताना त्याचा हात थांबत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. खरंखोटं देव जाणे. आता गेली होती देल्फिना, आणि तिने लग्नच केलं नव्हतं. तिच्या थोरल्या भावाची, आबिलिओची, बायको त्याला सोडून केव्हाच गेली होती. तेव्हा पाचव्या दिवशी, म्हणजे धुण्याच्या दिवशी, नदीत उतरायला घरात एकच सून उरली, ती म्हणजे धाकट्या भावाची, तोरिबिओची, बायको नेलिदा.

आणि इथेच अख्ख्या ऊर्कोपाता गावाला त्या दुःखातही हसू आवरेना. कारण कपडे वाळले की धुणाऱ्यानेच त्यातला एक जोड अंगावर चढवायचा आणि मेलेलं माणूस होऊन बसायचं असतं. घरची माणसं समोर येतात, राहिलेलं बोलतात, निरोप घेतात. मेलेला जसा होता तसंच वागायचं. पिणारा असेल तर प्यायचं, नाचणारा असेल तर नाचायचं. मागच्या साली म्हाताऱ्या फाउस्तोचा जावई सासऱ्याच्या टोपीत नाचता नाचता नदीत पडला, तर सासू डोळे पुसत म्हणाली, अगदी तस्सेच पडायचे हो.

देल्फिना गप्प बाई होती. लिमाच्या विद्यापीठात शिकलेली, आमच्या खोऱ्यातली पहिली पदवीधर, गावच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि उरलेला वेळ वाचत तरी असायची, नाहीतर म्हाताऱ्या बायकांजवळ बसून त्यांच्या जुन्या गोष्टी ऐकत. दिवसाकाठी चार वाक्यं बोलली तर पुष्कळ. आणि तिच्या जागी बसणार कोण, तर नेलिदा. नेलिदाच्या जिभेला हाड नाही. सासू तिला पोपटीण म्हणते, आणि नेलिदा त्यावरही घटकाभर बोलते. मी या घराच्या शेजारची, नात्याने देल्फिनाची चुलत बहीण. ती किती वेळ गप्प राहील यावर गावात पैजा लागल्या होत्या. मीसुद्धा सकाळी मनात म्हटलं, ताट वाढायच्या आत ही तोंड उघडणार.

पण त्या सकाळी या घरात हसण्यासारखं काही नव्हतं. मी शिजवायला मोठं पातेलं घेऊन गेले, तेव्हा स्वयंपाकघरात वाद रंगात आला होता. विषय योवानाचा. योवाना म्हणजे नेलिदा आणि तोरिबिओची एकुलती लेक. वारास शहरातल्या विद्यापीठात तिचं नाव लागलं होतं. देल्फिनाने रोज संध्याकाळी समोर बसवून तिची तयारी करून घेतली, निकाल ऐकला आणि त्याच आठवड्यात अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं आणि बाई गेली. आता शुक्रवारच्या आत वारासला जाऊन प्रवेश पक्का करायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. मोठा प्रश्न होता आणि वेळ थोडा होता.

नेलिदाने तो प्रश्न तिच्यापुरता मिटवून टाकला होता.

"शिकून ताईंचं काय भलं झालं ते मला सांगा," चुलीत फुंकर मारता मारता ती म्हणाली. "ना नवरा, ना पोर. पुस्तकात डोकं घालून बसायच्या. मी एकटी बडबडायची आणि त्या पान उलटायच्या. शिक्षणाने बाईची वाचा जाते, मी डोळ्यांनी बघितलंय. माझी पोर मला मुकी करायची नाही. दादा घेऊन जातायत तिला लिमाला. दुकानात बसेल, शहर बघेल, चार माणसांत बोलायला शिकेल. ठरलं."

दादा म्हणजे आबिलिओ. लिमात त्याचं खिळे-नट-रंगांचं दुकान आहे, स्वतःचा मालाचा ट्रक आहे, आणि बोलण्यात शहराची ऐट आली आहे. तो म्हणाला, पोरीच्या भल्याचंच आहे, उद्या उजाडताच निघू. म्हातारी सातुर्निना, म्हणजे देल्फिनाची आई, कोपऱ्यात मेंढीच्या कातड्यावर बसली होती. तिचं वेगळंच. तिला विचाराल तर पोरीने कुठेच जाऊ नये. पण वारास की लिमा म्हटल्यावर ती सुनेच्या बाजूने झुकली. लिमाला काका तरी आहे, विद्यापीठात कोण आहे, असं म्हणाली. सासू-सून एका बाजूला झालेल्या मी त्या घरात त्याआधी कधी बघितल्या नव्हत्या.

योवाना बटाटे धूत होती. तिने बापाकडे बघितलं.

तोरिबिओ बोलायला जड. लहानपणापासून त्याचा शब्द अडतो. अर्धं वाक्य झालं की थांबतो, घसा खाकरतो, पुढचा शब्द शोधतो. "मला वाटतं," तो म्हणाला, "की पोरीला..."

"पोरीला लिमाची हवा मानवेल," नेलिदाने वाक्य पुरं करून टाकलं. "तेच म्हणतेय ना मी. जा, आधी गाढवावर कपडे लादा."

तोरिबिओने तोंड मिटलं आणि कपडे लादायला गेला. योवानाने तेच बटाटे पुन्हा धुवायला घेतले.

नदीवर ऊन चांगलं होतं. आम्ही सगळे काठावर बसलो आणि नेलिदा घागरा वर खोचून पाण्यात उतरली. दोन तपकिरी स्वेटर, काळे घागरे, एक शाल आणि लिमाहून आणलेला तो करडा कोट. कोटाचा उजवा खिसा पुस्तकं कोंबून कोंबून पार सैल झालेला. नेलिदा दगडावर कपडे आपटत होती आणि कपड्यांशीच बोलत होती. काय हो ताई, बाहीला शाई लागलीय, कशाने निघायची ती? काय हो ताई, गुडघ्यावर विरलंय, सांगायचं नाही का, रफू करून दिलं असतं.

मग तिचा हात थांबला. हे तिने मला पुढे स्वतः सांगितलं, आणि नेलिदा सांगते तेव्हा काही गाळत नाही. तिच्या मनात आलं ते असं. देल्फिनाची खोली स्वयंपाकघराला लागून. बाई वाचायला बसली की दार लावून घेईल असं कुणालाही वाटावं. पण दाराला कायम हातभर फट असायची. ऐन थंडीत, वारा आत येत असतानासुद्धा. नेलिदा चुलीपाशी बोलत राहायची आणि चिडायची, की ही बाई उत्तर देत नाही, शिकलेली आहे ना, आपल्याशी कशाला बोलेल. ताई गेल्यानंतर आतली खोली बंद केली. नेलिदा सवयीने बोलायला गेली आणि आवाज भिंतीवर आपटून परत आला. तेव्हा तिला कळलं की फट कशासाठी होती. सासूने झिडकारलं, नवरा शेतावर, गावाने टिंगल केली. तिचं सगळं ऐकून घेणारं त्या घरात एकच माणूस होतं.

"असं पाण्यात उभं राहून मी ताईंचे आभार मानले," तिने मला सांगितलं. "पण मनातल्या मनात. मोठ्याने बोलले असते तर रडले असते, आणि सुनेला तिथे रडता येत नाही."

कपडे गवतावर पसरले. आधी शाल, मग स्वेटर, मग घागरा, माणूस निजावं तसे. ऊन आणि वारा दोन्ही होते, त्यामुळे वाळायला वेळ लागला नाही. नेलिदा निलगिरीच्या झाडांमागे गेली आणि देल्फिना होऊन आली. देल्फिना काडीसारखी, नेलिदा चांगली भरलेली. कोटाची गुंडी काही केल्या लागेना. पोरं फिदीफिदी हसली. पण तिने मान थोडी डावीकडे कलवली, हात मांडीवर ठेवले आणि खाली बघत दगडावर बसली, आणि हसू जिथल्या तिथे विरलं. इतकी वर्षं बघत होती ना ती. तिच्याइतकं देल्फिनाला कुणी बघितलंच नव्हतं.

त्या कपड्यात बसलेल्या माणसाला स्वतःचं नाव नसतं. काठावरच जेवायला बसलो तेव्हा आबिलिओ हे विसरला, शहरात राहून माणूस असा होतो. "नेलिदा, जरा मीठ दे इकडे," असं म्हणाला, आणि सातुर्निनाने भरल्या पंक्तीत त्याच्या पाठीत धपाटा घातला. "नेलिदा इथे नाही," ती म्हणाली. "तुझी बहीण बसलीय. डोळे फुटले का तुझे?" पन्नाशीचा, टक्कल पडलेला आबिलिओ कान पकडून गप्प बसला.

आधी गावची माणसं आली. कुणी म्हणालं, बाई, माझ्या पोराला तुम्ही कधी मारलं नाही, तो आज माणसात आहे. म्हातारी एमेतेरिया काठी टेकत आली. म्हणाली, माझ्या आजीची गोष्ट माझ्या नातवंडांनी ऐकली नाही, तू एकटीने ऐकलीस, आणि पुढच्या आठवड्यात येऊन विचारलंस की त्या मेंढपाळणीचं पुढे काय झालं. मला वाटलं, चला, आपण अजून जिवंत आहोत. सगळे उपकार मानायला आले होते, आणि सगळ्यांचं म्हणणं फिरूनफिरून एकच, की तुम्ही ऐकलंत. कोटातली बाई मान हलवत होती. ओठ घट्ट मिटलेले. मी तिच्याकडे बघत होते, आणि खरं सांगते, मला तिचा अभिमान वाटला.

मग सातुर्निना उठली. दोन बटाटे आणि भाजलेल्या गिनीपिगाचा तुकडा तिने लेकीपुढे ठेवला आणि समोर मांडी घातली.

"तुला पदवी मिळाली तेव्हा मी लिमाला आले होते," ती म्हणाली. "मला काय माहीत तिथे खायचं नसतं. मी आपली बटाट्यांची टोपली घेऊन त्या मोठ्या दालनात बसले. आजूबाजूच्या बाया नाकाला रुमाल लावायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मंचावरून बघितलंस. कुणाकडे मान वर करून न बघणारी पोर तू. तो काळा झगा सावरत खाली आलीस, माझ्या हातातली टोपली घेतलीस आणि एकेका प्राध्यापकापुढे धरलीस. ‘माझ्या आईचे बटाटे’ एवढंच म्हणालीस. सगळ्यांनी घेतले, बाई. सगळ्यांनी खाल्ले." म्हातारीने नाक पुसलं. "तू परत आलीस तेव्हा मला वाटलं, पोरीचं तिथे काही बिनसलं असेल. एकदाच विचारलं मी, का आलीस. तू म्हणालीस, ज्यांचं ऐकायचंय ती माणसं इथे आहेत. मला तेव्हा कळलं नाही. आज ही सगळी रांग बघून कळलं."

योवाना आजीच्या मागे उभी होती. तिने आजीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारीने तो धरून ठेवला, आणि मला वाटतं तिचा कल तिथेच बदलला. सकाळची सासू-सुनेची युती तेवढ्यावर मोडली.

"आता तू," ती आबिलिओला म्हणाली. "पोरीला नेतोयस ना? मग बहिणीला सांगून ने. आजच्या दिवशी तिच्यापासून काही लपवायचं नसतं."

आबिलिओ समोर बसला. म्हणाला, की त्याची बायको गेली तेव्हा तो इथे आला होता आणि सगळ्यांना थाप मारली होती, की ती दुकान सांभाळायला राहिलीय. देल्फिनाने काही विचारलं नाही. दोघं मक्याचे दाणे निवडत बसायची. एक दिवस निवडता निवडता त्याने आपणहून सगळं सांगून टाकलं. "तू म्हणालीस, अजून थोडे दिवस राहा. बस. तेवढ्यावर मी परत जाऊन उभा राहिलो गं." मग तो थोडा पुढे सरकला. "पोरीचं भलं वगैरे मी म्हणतोय, पण तुला काय खोटं सांगू. घर खायला उठतं. संध्याकाळी दुकान बंद केलं की जेवायला समोर कुणीतरी बसावं, म्हणून नेतोय तिला."

कोटातल्या बाईने झटकन मान वर केली. दोन ओठ विलग झाले. काठावरच्या पैजवाल्यांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. पण तिने ओठ पुन्हा मिटले आणि आबिलिओच्या गालाला हात लावला. तो त्या हातात तोंड लपवून रडला.

शेवटी तोरिबिओ आला. टोपी हातात घेऊन उकिडवा बसला. "ताई," म्हणाला आणि अडला. आम्ही सगळ्यांनी सवयीने नेलिदाच्या आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. देल्फिना बसायची तशी ती बसून राहिली, वाट बघत.

"मी लहान होतो," तोरिबिओ म्हणाला. "माझा शब्द अडायचा. पोरं... पोरं पुढचा शब्द सांगून हसायची. तू सांगायची नाहीस. थांबायचीस." घसा खाकरला. "तुझ्यामुळे मला बोलता येतं. आता... आता सांगतो. योवाना तशीच आहे. थांबून ऐकणारी. तिला शिकू द्यावं. मी बायकोला सांगणार होतो. पण तिच्यापुढे माझं वाक्य... पुरं होत नाही." तो टोपी फिरवत राहिला. कोटातली बाई हलली नाही. "ती वाईट नाही, ताई. तिला भीती वाटते. तू गेलीस. आता पोर गेली, तर तिचं बोलणं ऐकणार कोण? म्हणून ती... नको म्हणते. मी ऐकेन तिचं. हे तिला सांगायचंय. जमलं तर."

लग्न होऊन वीस वर्षं होत आली होती त्यांना. नेलिदा मला म्हणाली, "त्या माणसाचं इतकं लांब बोलणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आणि मला कळेना, की माझी भीती मलाच कळली नव्हती, ती ह्यांना कधी कळली."

ऊन उतरायला लागलं. सातुर्निना पुढे झाली. मेलेल्याने जाताना एक गोष्ट मागायची असते, आणि ज्याच्याकडे मागितली त्याने ती नाकारायची नसते. "देल्फिना," ती म्हणाली, "तुझी वेळ झाली, बाळ. काय हवं ते माग."

मग कोटातली बाई बोलली. आवाज हळू, देल्फिनाचा होता तसा.

"नेलिदा कुठे आहे?"

आबिलिओ तोंड उघडायला गेला, आईने त्याचं मनगट धरलं.

"नेलिदा पाणी आणायला गेलीय," म्हातारी म्हणाली. "मी सांगेन तिला. काय सांगू?"

"योवानाला वारासला पाठव म्हणावं."

एवढं बोलून ती उठली आणि निलगिरीच्या झाडांमागे गेली. योवानाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कुणी तिच्याकडे बघितलं नाही, सगळे झाडांकडे बघत होते. मला वाटलं, घागरा बदलायला इतका वेळ कशाला लागतो. मग नेलिदा आली. स्वतःच्या लाल स्वेटरमध्ये, डोळे सुजलेले, करडा कोट हातावर घडी घातलेला.

"झालं का सगळं?" तिने विचारलं. "ताई येऊन गेल्या?"

"येऊन गेली," सातुर्निना म्हणाली. "तुझ्याकडे मागितलंय तिने. योवानाला वारासला पाठव म्हणाली."

नेलिदा जिथल्या तिथे उभी राहिली. तिला आधीच माहीत होतं आणि तिला आत्ताच कळलं, हे दोन्ही खरं होतं, आमच्यापैकी कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. तिने नदीच्या उताराकडे तोंड केलं, मेलेलं माणूस तिकडेच जातं, म्हणून उत्तरही तिकडेच द्यायचं असतं.

"पाठवते, ताई," ती मोठ्याने म्हणाली. "शुक्रवारी मी स्वतः घेऊन जाते. तुम्ही जा सुखाने." आणि मग तिचा बांध फुटला, सगळ्या दिवसाचं तुंबलेलं एकदम बाहेर आलं. "पण एवढंच मागायचं होतं तर जिवंतपणी तोंड उघडायला काय झालं होतं हो तुम्हाला? जन्मात कधी चिमूटभर मीठ मागितलं नाहीत माझ्याकडे. मी त्या चुलीपाशी एकटी बडबडत होते, तुम्ही सगळं ऐकत होतात, मला काय ठाऊक? एकदा म्हणाला असतात, नेलिदा, पोरीला शिकू दे, तर काय ऐकलं नसतं का मी?"

"नसतं ऐकलंस, आई," योवाना म्हणाली.

त्या दिवसातलं तिचं हे पहिलं वाक्य. आधी सातुर्निना हसली, मग आबिलिओ, मग तोरिबिओ, त्याला तर हसता हसता ठसका लागला. नेलिदाने लेकीकडे बघितलं, करड्या कोटात नाक खुपसलं आणि हसत हसत रडायला लागली.

"नसतं," ती म्हणाली. "खरं आहे गं. नसतंच ऐकलं."